रद्दीवाल्याचा काटा आणि पिन-पार्वती

आमच्या बिल्डिंगखाली जो रद्दीवाला आहे ना, त्याच्याकडे हुकाला लटकवायचा डिजिटल काटा आहे. आजपर्यंत त्या काट्यावर पेपरचे गठ्ठे आणि एकदा मोडका मिक्सर, एवढंच काय ते मी मोजलेलं. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी साठ लिटरची गच्च भरलेली सॅक घेऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिले आणि म्हटलं, चाचा जरा वजन बघा. त्याने सॅक उचलताना तोंड वाकडं केलं, हुकाला अडकवली, आकडे दोनदा खालीवर झाले आणि थांबले. 16 किलो 700 ग्रॅम. मग माझ्याकडे बघून एकदम सिरियसली विचारलं, "बेचना है क्या?"

त्या क्षणी खरं तर हो म्हणायला हवं होतं.

तर प्रकरण असं की मी पिन-पार्वती पासला जाणार होते. हिमाचलमधलं पार्वती खोरं एका बाजूला आणि स्पितीतलं पिन खोरं दुसऱ्या बाजूला, मध्ये 5,319 मीटरवर बर्फातली खिंड. आपल्या भाषेत सांगायचं तर तीन कळसूबाई एकावर एक रचा आणि वर अजून पावणेचारशे मीटर चढा. बरशैणीला चालायला सुरुवात करायची आणि शंभरएक किलोमीटर तंगडतोड करून मूद नावाच्या गावात उतरायचं, दहा दिवस, आणि खीरगंगा सोडली की मूद येईपर्यंत मध्ये एकही गाव नाही, दुकान नाही, रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही. आणि खेचरं पास ओलांडू शकत नाहीत, कारण वर हिमनदी आहे, भेगा आहेत. म्हणजे एरवी हिमालयात आपली मंडळी जे करतात, पैसे भरून सॅक खेचरावर टाकायची आणि आपण छोटी पिशवी घेऊन फोटो काढत चालायचं, ते इथे नाही. किचन, राशन आणि तंबू पोर्टर उचलतात, तुमचं तुम्ही.

सह्याद्रीत मी पंधरा वर्षं भटकतेय, हरिश्चंद्रगड चार वाटांनी झालाय, अलंग-मदन-कुलंगही झालंय, त्यामुळे मनात कुठेतरी गुर्मी होतीच. पण नंतर लक्षात आलं की सह्याद्रीत मी वजन असं कधी उचललेलंच नाही. पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी मिळते, गडावर कुणीतरी ताक आणि लिंबूसरबत घेऊन बसलेलं असतं, रात्री अंगावर ओढायला एक चादर पुरते. सॅक म्हणजे डबा, पाणी, टॉर्च आणि थोडा माज.

म्हणून तीन महिने प्रॅक्टिस केली. आमची बिल्डिंग चौदा माळ्यांची. सॅकमध्ये पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन टाकायचे आणि सकाळी सहाला जिने चढायचे, चार फेऱ्या, मग सहा, मग आठ. पहिल्या आठवड्यात वॉचमन रोज सांगायचा, मॅडम लिफ्ट चालू है. दुसऱ्या आठवड्यात सांगायचं बंद केलं. सहाव्या माळ्यावरच्या आजी मात्र रोज दार किलकिलं करून बघायच्या, एकदा त्यांनी मला हात धरून आत बसवलं, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना गं? आईचं म्हणणं वेगळं, एवढी शिकवली आणि शेवटी हमाली करायला निघालीस. (हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे मी खरोखरची हमाली बघितली आणि मला स्वतःला हमाल म्हणायची लाज वाटली.)

आमचा गणपती दीड दिवसाचा, विसर्जन झालं की दुसऱ्याच दिवशी ऑगस्ट क्रांती एक्सप्रेस पकडायची होती. आईने हमाली वगैरे बोलून झाल्यावर शेवटच्या क्षणी सॅकमध्ये तळणीचे एकवीस मोदक, मेतकूट, पातळ पोह्यांचा चिवडा आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी कोंबली. बरणी काचेची. मी ती काढून ठेवली, तिने परत घातली, मी परत काढली, आणि निजामुद्दीनला उतरून सॅक उघडली तर बरणी आतच. पुढे रात्रभराची व्होल्वो, भुंतर, मणिकर्ण, बरशैणी, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, घाट आहेत आणि ड्रायव्हरला झोप आलेली असते.

ग्रुप आठ जणांचा, योगायोगाने पाच मराठी. ठाण्याचे एक काका, वय 58, नुकतीच व्हीआरएस घेतलेले. पार्ल्याची एक दातांची डॉक्टर. डोंबिवलीचा एक पोरगा, पंचवीस-सव्वीसचा, मॅरेथॉन वगैरे पळणारा, पोटाला चिमूटभर चरबी नाही, मला पहिल्याच दिवशी ताई म्हणायला लागला. आणि नाशिकचा एक जण, जो दहा दिवसांत बहुतेक दहा वाक्यं बोलला. आमचा गाइड कुल्लूकडचा, चाळिशीतला, बुटका, एकदम मऊ आवाजात बोलणारा. पोर्टरपासून सगळे त्याला उस्ताद म्हणायचे म्हणून आम्हीही उस्ताद. ज्या कंपनीकडून बुकिंग केलं त्यांचं नाव घेत नाही, पण वेबसाइटवर त्यांनी या ट्रेकपुढे 'मॉडरेट टू डिफिकल्ट' लिहिलं होतं आणि व्हॉट्सॲपवर मी बॅगेबद्दल विचारलं तर 'जस्ट कॅरी एसेन्शियल्स मॅम' आणि पुढे डोंगराचा इमोजी. बस, एवढंच.

उस्तादने बरशैणीला काय केलं तर एक निळी ताडपत्री अंथरली आणि म्हणाला, सगळ्यांनी आपापली सॅक इथे रिकामी करा. सगळी. चारचौघांत. तुम्ही कधी आपली सॅक अनोळखी लोकांसमोर उलटी केली आहे का? कपड्यांचं ठीक आहे हो, पण माझ्या सॅकमधून हेअर कंडिशनर निघाला, दोन पॉवरबँक, एक जीन्स, चार टीशर्ट, साडेतीनशे पानांचं एक पुस्तक आणि ती लोणच्याची बरणी. उस्ताद ओरडला नाही. एकेक वस्तू उचलायचा, हातात तोलायचा आणि फक्त विचारायचा, "ये कौन उठाएगा, मैडम?" उत्तर मीच होते, त्यामुळे उत्तर द्यायला लाज वाटायची. कंडिशनर गेला, जीन्स गेली, पुस्तक गेलं, एक पॉवरबँक गेली. हे सगळं एका पोत्यात बांधून त्या जीपमध्ये टाकलं जी लांबचा वळसा घालून मूदला आम्हाला न्यायला येणार होती. लोणचं त्याने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत काढायला लावलं, बरणी चहावाल्याला दिली. मोदकांचा डबा उघडला, एक तोंडात टाकला, चावला, डबा बंद केला आणि म्हणाला, हे राहू दे.

डोंबिवलीच्या पोराच्या सॅकमधून एक स्टीलचा डबा निघाला, चांगला जाडजूड, कडीचा. आत लसणाची सुकी चटणी, आईने केलेली. उस्तादने डबा तोलला, तर हा पठ्ठ्या म्हणतो, उस्ताद हे टॉपवर खायचंय, ये तो जायेगा. आम्ही सगळे हसलो. मी तर म्हटलंसुद्धा, अरे निदान पिशवीत काढ, डबा कशाला वाहतोस. तो म्हणाला, ताई, आई डबा मोजून देते.

मग उस्तादने भरायचं कसं ते शिकवलं, आणि हे मला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं किंवा मी ऐकलं नव्हतं. स्लीपिंग बॅग तळाला. जड ते मध्ये, पाठीला अगदी चिकटून. हलकं बाहेरच्या बाजूला आणि पावसाचं जॅकेट सगळ्यात वर. कमरेचा पट्टा हाडावर यायला हवा, पोटावर नाही, आणि तो आधी आवळायचा, खांद्याचे नंतर, म्हणजे वजन कमरेवर येतं आणि खांदे फक्त सॅक पडू नये म्हणून असतात. केलं तसं, आणि खरंच, तीच सॅक दुसरीच कुणीतरी वाटायला लागली. आता अंदाजे बारा किलो असेल.

खीरगंगेपर्यंत गर्दी आहे, कॅफे, मॅगी, गरम पाण्याचं कुंड, ब्लूटूथ स्पीकर लावून चालणारी पोरं, म्हणजे थोडक्यात पावसाळ्यातला लोहगड. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून वर निघालो आणि अर्ध्या तासात माणसं संपली. अक्षरशः संपली. एका वळणानंतर फक्त खाली पार्वती नदीचा आवाज, आणि तो आवाज पुढचे चार दिवस बंद झाला नाही, रात्री झोपेतसुद्धा कुणीतरी बाहेर मोठा नळ उघडा टाकलाय असंच वाटायचं, दोनदा मी बंद करायला उठणार होते.

खीरगंगेनंतरचा पहिला मुक्काम टुंडा भुज. भुज म्हणजे भोजपत्राची झाडं, पांढरी, साल कागदासारखी पापुद्रे सुटलेली, ज्याच्यावर जुन्या पोथ्या लिहायचे तेच. उस्ताद म्हणाला हे शेवटचं झाड, यापुढे झाड नाही. आणि खरंच नंतर फक्त गवत, मग दगड, मग बर्फ. पुढचा मुक्काम ठाकूर कुआँ, नंतर ओडी थाच. थाच म्हणजे उंचावरचं चराईचं कुरण. तिथे गद्दी मेंढपाळ भेटले, शेकडो मेंढ्या घेऊन खाली परत निघालेले, त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात बिबट्याने मान धरू नये म्हणून खिळ्यांचे लोखंडी पट्टे. एक म्हातारा मेंढपाळ अंगावर लोकरीचा जाड चोळा आणि कमरेला दोराचे जाड वेढे गुंडाळून बसलेला, पाठीवर एक गाठोडं. चार महिने डोंगरात आणि सामान तेवढंच. मला माझं ताडपत्रीवरचं कंडिशनर आठवलं.

ओडी थाचच्या आधी पांडू पूल लागतात. नदीवर घराएवढे मोठे शिळाखंड असे अडकून बसलेत की त्यांचाच पूल झालाय, पांडव इथून जाताना भीमाने टाकले म्हणे. खडकात पावटीसारख्या खाचा आहेत, तिथे पाय रोवून उतरायचं, खाली पाणी असं घुसळत असतं की बोललेलं ऐकू येत नाही. ठाण्याचे काका तिथे थांबले आणि म्हणाले, काही म्हणा, बांधकाम चांगलंय, आमच्या घोडबंदरला याला नेमलं पाहिजे.

आता पोर्टरबद्दल. सहा होते, चार नेपाळचे, दोन कुल्लूचे. आम्ही सकाळी चहा-नाश्ता करून निघायचो, ते मागे तंबू काढायचे, भांडी घासायचे, सगळं बांधायचे, आणि दीड तासात आम्हाला गाठून पुढे जायचे. आमच्या दुप्पट वजन, कपाळावर पट्टा, पायात साधे बूट. त्यातल्या एकाच्या पाठीवर वरती पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर बांधलेला असायचा, पोचे पडलेला, आणि तो चालताना झाकण खुळखुळायचं, त्यामुळे तो मागून येतोय हे आधी ऐकू यायचं, बाजूला व्हायचं. मी एकदा विचारलं, कुकर कशाला वाहता, भांडं पुरत नाही का? तर तो हसला. उस्तादने सांगितलं, वर हवेचा दाब कमी, मंतलाईला पाणी 86-87 अंशांनाच उकळायला लागतं, त्याच्यापुढे तापतच नाही, नुसत्या पातेल्यात डाळ घातली तर सकाळपर्यंत उकळत बसेल पण शिजणार नाही. कुकर नसेल तर वर माणूस कच्ची डाळ खाऊन पोट बिघडवून घेतो, आणि वर पोट बिघडलं तर खेळ खल्लास.

चौथ्या दिवशी माझी पाळी आली, चार दिवस आधीच. हे लिहू की नको असं झालं, पण मला स्वतःला जाण्याआधी कुणीच हे लिहिलेलं सापडलं नव्हतं म्हणून लिहिते. काही आभाळ कोसळत नाही. दोन पेनकिलर, टिश्यू, सॅनिटायझर, आणि वापरलेलं सगळं काळ्या झिपलॉक पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, आणि ते सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात मनालीपर्यंत. पुरायचं नाही, जाळायचं नाही, दगडाखाली तर अजिबात नाही. थंडीत वास येत नाही, खरंच. पार्ल्याची डॉक्टर म्हणाली, तेवढंच दोनशे ग्रॅम वाढलं. दोघी हसत सुटलो, काकांना कळेना काय झालं.

मंतलाई साधारण 4,100 मीटरवर. पार्वती नदी इथूनच निघते. तळं असं नाव आहे पण गाळ भरून आता पसरट पाण्याचे ओघळ आणि वाळू जास्त, काठावर दगडांचं छोटंसं शंकराचं ठाणं, त्रिशूळ रोवलेले, घंटा बांधलेल्या. इथे एक दिवस मुक्काम वाढवायचा होता, कारण पुढचा बेस कॅम्प 4,900 मीटरवर. नियम असा की तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि इथे तर उडी आठशेची, मधे तंबू टाकायला धड जागा नाही, म्हणून आधी थांबून शरीराला सवय करून घ्यायची.

आम्ही पोचलो तेव्हा डोंबिवलीचा पोरगा कधीचाच पोचून दगडावर बसला होता. तो रोजच पहिला. उस्ताद रोज सांगायचा, धीरे, तेरे को मेडल नहीं मिलेगा. संध्याकाळी तो जेवला नाही, म्हणाला भूक नाही. ऑक्सिमीटर फिरला, माझा 84, काकांचा चक्क 87, त्याचा 71. डोकं दुखतंय का विचारलं तर म्हणाला थोडंसं, उन्हाने असेल. रात्री दोनला त्याने तंबूबाहेर उलटी केली आणि वाळू टाकून झाकली, हे त्याच्या तंबूतल्या नाशिकच्या माणसाने सकाळी उस्तादला सांगितलं. दहा वाक्यांपैकी ते एक, आणि सगळ्यात कामाचं.

सकाळी उस्तादने काही बोलाचाली केली नाही. काठीने वाळूत एक सरळ रेघ ओढली, पंधरा पावलं लांब असेल, आणि त्याला म्हणाला, याच्यावर चाल, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावत. पोरगा हसला, म्हणाला काय उस्ताद, दारू थोडीच प्यायलोय. पहिली तीन पावलं बरोबर. चौथ्याला उजवीकडे गेला. परत आला रेघेवर, दोन पावलं, परत उजवीकडे, आणि यावेळी हात टेकला. आम्ही सगळे हातात चहाचे मग घेऊन उभे होतो आणि कुणी एक घोट घेतला नाही. तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज यायला लागल्याची खूण, डॉक्टरने नंतर समजावलं, आणि याला एकच खरा इलाज, खाली. आत्ता. त्याचा फिटनेसशी काही संबंध नसतो, उलट फिट माणूस भराभर चढतो आणि लपवतो.

त्याने खूप हुज्जत घातली. एक दिवस थांबून बघू, गोळी द्या, मी पैसे भरलेत. उस्ताद मऊ आवाजातच म्हणाला, पैसे कंपनीला दिलेस, उत्तर मला तुझ्या आईला द्यायचंय. डेक्साची, म्हणजे मेंदूची सूज उतरवणारी, गोळी दिली, आणि अर्ध्या तासात त्याला खाली पाठवलं, सोबत असिस्टंट गाइड आणि एक पोर्टर. हा पोर्टर म्हणजे कुकरवाला. जाताना पोरगा माझ्याकडे आला, डोळे लाल, हातात तो कडीचा डबा. म्हणाला, ताई, तेवढा वर न्या. सगळ्यांनी खा. मी आदल्या आठवड्यात याच डब्यावरून त्याला बोलले होते, त्यामुळे तोंडातून शब्द फुटेना, डबा घेतला.

ते तिघे दिसेनासे झाले आणि मग उस्तादने परत ती निळी ताडपत्री अंथरली. कुकरवाल्याच्या पाठीवरचं वीसेक किलो आता आमच्यात वाटायचं होतं, कारण पुढे चार दिवसांचं खाणं त्यात होतं. यावेळी कुणी कुणाला विचारलं नाही की कौन उठाएगा. काकांनी रॉकेल उचललं, डॉक्टरने पीठ, नाशिकच्या माणसाने गुपचूप सगळ्यात जड दोर घेतला. माझ्या वाट्याला आला कुकर. आम्ही त्याच्या पोटात दोन किलो तांदूळ भरला, फट राहिली तिथे चटणीचा डबा बसवला, झाकण दोरीने आवळलं आणि सॅकवर वरती बांधलं. नियमाप्रमाणे जड ते मध्ये, पण कुकर मध्ये मावेना. तिथून मूदपर्यंत मी चालले की खुळखुळ, खुळखुळ. पोर्टर मागून येताना आता ते मला बाजू द्यायला सांगायचे आणि पुढे जाताना हसायचे.

बेस कॅम्पपर्यंतचा दिवस नुसत्या दगडांचा. हिमनदीने ढकलून आणलेले, हलते, पाय ठेवला की सरकणारे. वीस पावलं, थांबा, श्वास. पंधरा पावलं, थांबा. चौदा माळ्यांचे आठ फेरे कुठल्या कुठे गेले. रात्री पाण्याच्या बाटल्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपलो, नाहीतर बर्फ होतो, आणि झोप अशी काही लागली नाही, लोकलमध्ये दारात उभ्याने डुलकी लागते तेवढीच.

पहाटे साडेतीनला निघालो. बर्फ तेव्हाच कडक असतो, ऊन वर आलं की भेगांवरचे बर्फाचे पूल मऊ पडतात. कमरेला हार्नेस, बुटांना काटे, सगळे एका दोरात, माझ्या पुढे काका आणि मागे डॉक्टर, मध्ये ताणलेला दोर. पुढे उस्ताद. तो प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी आइस ॲक्सचा दांडा बर्फात खुपसून बघायचा. खच. पाऊल. खच. पाऊल. उजाडत होतं तेव्हा एका जागी, दिसायला बाकीच्यासारखीच पांढरी सपाट जागा, त्याने दांडा खुपसला आणि तो खच वाजलाच नाही, लोण्यात सुरी जावी तसा मुठीपर्यंत आत गेला. उस्ताद थांबला. दांडा हळू बाहेर काढला, त्या भोकाकडे वाकून बघितलं, म्हणाला "यहाँ नहीं", आणि डावीकडे तीन पावलं सरकून परत खच. एवढंच. बाजूने जाताना मी त्या भोकात बघितलं, आत निळा रंग होता, आपल्या निळीचा असतो ना तसा, आणि खोलवर काळा. माझ्या पाठीवर कुकर खुळखुळला आणि मला उगाच वाटलं की आवाज करू नये.

पासवर सव्वानऊला पोचलो. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा, मुंबईची माणसं आम्ही, जन्मभर पूर्ण दाबात राहिलेली. वर काय वाटलं असं सगळे विचारतात. वारा होता आणि मला शू लागली होती. पण हे खरं की एका बाजूला, जिकडून आलो तिकडे, बर्फ आणि ढग आणि खाली कुठेतरी ओली हिरवळ असणार हे माहीत असलेलं, आणि दुसऱ्या बाजूला पिनकडे एकदम कोरडं, तपकिरी, जांभळट, ढगाचा ठिपका नाही. 1884 साली लुई डेन नावाच्या इंग्रज साहेबाने हा पास ओलांडल्याचं लिहिलेलं आहे. मी उस्तादला ते मोठ्या हौसेने सांगितलं, तर त्याने विचारलं, और उसका सामान किसने उठाया?

मग डबा उघडला. गार पडलेल्या पोळ्या होत्या, रबरासारख्या. त्यावर चटणी पसरली, गुंडाळी केली, एकेक सगळ्यांना, पोर्टरना पहिली. थंडीने नाकाला वास येत नव्हता पण जिभेवर लसूण-खोबरं-तिखट आलं आणि डोंबिवली फास्टच्या गर्दीतल्या डब्याचा वास कसा येतो, तसा तो नाकात मागून चढला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाले तिखट आहे. माझ्याकडचे मोदक राहिले होते पाच, तेही वाटले. सगळ्यात लहान पोर्टर, एकोणीस-वीसचा असेल, चटणी बोटाने चाटत राहिला, त्याला इतकी आवडली की त्याने कशात काय घालतात ते सगळं विचारून घेतलं. माझा पासवरचा एकमेव फोटो कुकर डोक्यावर धरलेला आहे. आईने तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला नकार दिलाय.

उतार फार लिहीत नाही, गुडघे होते ते राहिले. पिनच्या बाजूला बर्फाचं पाणी घेऊन येणारे ओढे सकाळी घोट्याएवढे असतात आणि दुपारी मांडीएवढे, म्हणून उस्ताद पहाटे ओलांडायला लावायचा, बूट गळ्यात अडकवून, हातात हात घालून, आणि पाय पलीकडे पोचेपर्यंत आपले आहेत की नाहीत कळायचं नाही. दहाव्या दिवशी दुपारी मूद दिसलं, पांढरी घरं, कापणी झालेली शेतं, छपरांवर रचून ठेवलेलं गवत. जीप उभी होती आणि जीपमध्ये माझं पोतं, पोत्यात माझा कंडिशनर. मी कुकर उतरवून उस्तादच्या हातात दिला तेव्हा त्याने तो तोलला आणि काही न बोलता माझ्या पाठीवर थाप मारली. चटणी तळाला थोडी उरली होती, मी डब्यासकट त्या लहान पोर्टरला देऊन टाकली.

काझाला रेंज आली तेव्हा कळलं, पोरगा ठाकूर कुआँला पोचेपर्यंतच बरा झाला होता, डोकं उतरलं, बरशैणीला जाऊन दोन प्लेट मोमो खाल्ले. तिसऱ्या दिवशी घरी.

मुंबईला आल्यावर सॅक तशीच घेऊन रद्दीवाल्याकडे गेले, हट्टाने. 11 किलो 200. चाचा म्हणाला, कम हो गया. मग आतून ती रॅपरची पिशवी काढली, दहा दिवसांची चिक्की, बिस्किटं, ओआरएस, सगळ्याची, उस्तादने प्रत्येकाला आपापली घरी न्यायला लावली होती. त्याने काट्यावर टाकली, 340 ग्रॅम, आणि लगेच परत दिली. असला चकचकीत माल कुणी घेत नाही, म्हणाला, पाच पैसे मिळत नाहीत. बघा म्हणजे, 5,319 मीटरवरून वाहून आणलं आणि मुलुंडमध्ये भाव नाही.

हे सगळं होऊन आठवडा झाला आणि डोंबिवलीहून फोन. इकडचं तिकडचं बोलला, पुढच्या वर्षी परत जाणार म्हणाला, हळू चालणार म्हणाला. मग जरा घुटमळून, "ताई, ते आई विचारतेय, डबा कुठेय?"

मी खरं ते सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग मागून बाईमाणसाचा आवाज, कुणाला दिला म्हणे? कुठल्या गावात? अगं बाई.

तर काल मुलुंड स्टेशनसमोरच्या भांड्यांच्या दुकानातून कडीचा डबा आणलाय, स्टीलचा, जाड बघून घेतला. दुसऱ्याच्या घरचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून आईने त्यात बेसनाचे लाडू भरलेत. रविवारी डोंबिवली स्लो.